साडू, मी आणि शेवटची मोरी

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या मोहिमेची नोंद राहिली पाहिजे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही, असं हिला बजावून ठेवलंय. ही म्हणाली, इथे कुणाला वेळ आहे.

सत्तावीस वर्षांनी संधी आपल्या पायांनी चालत आली. सासऱ्यांनी आज जेवताना जाहीर केलं की दुकान महिनाअखेर बंद. डोळ्यांनी नीट दिसत नाही, झेरॉक्समध्ये कागद उलटा जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं. मागच्या खोलीतलं मशीन एका कॅफेवाल्याने घेतलंय. आतली सगळी यंत्रं काढून तो त्यात कपबश्या मांडणार आहे. २ मार्चला टेम्पो येणार.

मशीन म्हणजे 'टबवाले'. झेरॉक्सच्या आधी सासऱ्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, त्यातलं हे एकच उरलंय. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, ते कुणी कधी उच्चारलं नाही. दोन ढेरपोटे काका, कमरेला टॉवेल, उडत्या टबात बसून डावीकडून उजवीकडे निघालेले. समोरून कंगवे येतात, चपला येतात, मिशीवाली प्लास्टिकची बदकं येतात. त्यांच्यावर साबणाचे फुगे सोडायचे. काही लागलं की टॉवेल सुटतो, काका कमरेपुढे अंघोळीचा मग धरून पळतो आणि एक जीव जातो. जीव म्हणजे वर कोपऱ्यात दिसणाऱ्या साबणाच्या वड्या. प्रत्येकाला पाच. शेवटी येते मोरी. सगळ्यांना गिळणारी, दात असलेली. तिच्या दोन बाजूंना दोन साखळ्या. दोघांनी एकाच वेळी ओढल्या तर बूच पडतं आणि मोरी बंद होते. एकट्याने ओढून उपयोग नाही.

मोरी बंद झालेली आजवर कुणी पाहिली नाही. सासरे म्हणाले, एवढी वर्षं मशीन पुसलं, शेवट काही दिसला नाही. दोन जावई आहेत, कधीकाळी जोडीने खेळायचे. जायच्या आधी दाखवलात तर बरं वाटेल.

साडू म्हणाला, खेळू की. मी म्हटलं, जरूर. माझा आवाज थोडा कापला. आनंदाने.

३ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

प्रकरणाची पार्श्वभूमी लिहून ठेवतो.

सत्तावीस वर्षांपूर्वी साडू हा माझा साडू नव्हता, मित्र होता. पार्लरमध्ये आमची जोडी होती. तो डावीकडे, निळा टॉवेल. मी उजवीकडे, लाल. एका रविवारी दुपारी आम्ही मोरीपर्यंत पोहोचलो. तोवर गावात कुणी पोहोचलं नव्हतं. मागे दोनतीन डझन माणसं. काउंटरवर मालकांच्या दोन्ही मुली, म्हणजे आजची ही आणि हिची थोरली बहीण.

माझ्या वड्या संपल्या. मी डगमगलो नाही, बटण दाबलं आणि मला शौर्याचा बोनस जीव मिळाला. पुन्हा गेला, पुन्हा दाबलं, पुन्हा मिळाला. साखळीला हात घातला. म्हटलं, ओढ. उत्तर नाही. डावीकडे बघतो तर हा स्टुलावरून उठून बाजूला उभा. हात मोकळे. मोरीने मला टबासकट गिळलं.

आणि हा काउंटरपाशी जाऊन थंड प्यायला लागला. थोरलीने स्वतः बाटली उघडून दिली. दीड वर्षाने त्यांचं लग्न झालं. माणसाने रणांगण सोडलं, थंड प्यायलं आणि वर बायको मिळवली. पुढे माझंही लग्न धाकटीशी झालं, पण या घरात तो थोरला जावई. पाट त्याला आधी, पाणी त्याला आधी.

सत्तावीस वर्षांत एकदाही त्याने त्याबद्दल माफी मागितली नाही. मीही विषय काढला नाही. फार तर वर्षातून तीनचार वेळा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

योजना तयार. जशास तसे.

त्याच्यासोबत मोरीपर्यंत जायचं. सासरे, ताई (हिची बहीण), ही, सगळे मागे हवेत. तो साखळीला हात घालेल. माझ्याकडे बघेल. तेव्हा मी शांतपणे उठणार, काउंटरपाशी जाणार आणि थंडाची बाटली उघडून सावकाश पिणार. एक शब्दही बोलणार नाही.

सासऱ्यांना शेवट दिसणार नाही, हे खरं. पण त्यांना न्याय दिसेल. वयाच्या मानाने तोच जास्त उपयोगी.

संकल्प: रोज सकाळी साडेपाचला उठून अंगठ्यांचा व्यायाम, पाचशे वेळा.

५ फेब्रुवारी, बुधवार

सात वाजता उठलो. व्यायाम उद्यापासून.

थंडाची बाटली आणली. काचेचीच, कारण तेव्हाही काचेचीच होती. फ्रिजमध्ये मागे ठेवून चिठ्ठी लावली: हात लावू नये. ही म्हणाली, पाहुणे येणार आहेत का. म्हटलं, एक जण जाणार आहे. ही भाजी निवडत राहिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात इस्त्रीवाल्या बाई पुन्हा. तिसरी खेप. म्हणतात, इस्त्री आपोआप बंद होते, कंपनीने बदलून द्यावी.

मी सर्व्हिस सेंटरला अठरा वर्षं आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर, सगळं बघितलं. आमच्या फॉर्मवर कारणाचे दोनच रकाने. एक, यंत्राचा दोष. दोन, वापरणाऱ्याची चूक. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा दोनवर खूण होते, आणि ती मी करतो. माणसं सूचनापुस्तिका वाचत नाहीत. खोका उघडतात, पुस्तिका फेकतात आणि मग आमच्या नावाने खडे फोडतात.

बाईंना म्हटलं, पुस्तिका वाचा. त्या म्हणाल्या, तुम्ही वाचलीय का? अठरा वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं. दोनवर खूण केली आणि पुढच्याला बोलावलं.

सूचना वाचण्याची शिस्त माझ्यात लहानपणापासून. पार्लरमध्ये लोक मशीनला लाथा मारायचे तेव्हा मीच स्वतःच्या अक्षरात पाटी केली होती: 'कृपया आधी सूचना वाचाव्यात, मगच यंत्रास हात लावावा. हुकमावरून.' प्लास्टिक चढवून, चांगला डिंक लावून 'टबवाले'वर बटणांच्या वर चिकटवली. अजून आहे. एक कोपरासुद्धा उचकटलेला नाही. काम करावं तर असं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला सराव. दुपारी तीन ते पाच, दुकानाच्या मागच्या खोलीत. सासऱ्यांनी मशीनवरची चादर काढली, किल्ली फिरवली. तेच संगीत. क्षणभर मला भरून आलं, पण लगेच सूड आठवला.

साडू वेळेवर हजर. तो ड्रायव्हिंग शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, पायाखाली वेगळा ब्रेक, आणि समोरचा खांबाकडे चालला तरी शांतपणे म्हणायचं, छान, जरा डावीकडे. असल्या धंद्याने माणूस मऊ होतो. माझ्याशीही तसंच बोलतो. छान चाललंय म्हणतो. मी काय शिकाऊ आहे?

तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलो. माझा खेळ पूर्वीसारखाच धारदार. साडूचा हिशेबी. त्याला फारसं काही लागत नाही, तरी त्याच्या वड्या कमी कमी होतात. हाताला बरकत नाही म्हणतात ती हीच. मला मात्र आज चार बोनस जीव मिळाले.

परत येताना हिला तंत्र समजावलं. वड्या संपल्या की घाबरायचं नाही. स्टार्टचं बटण दाबायचं, पण विश्वासाने. मशीन माणूस ओळखतं. ही खिडकीबाहेर बघत हसली. का ते सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सहा वीसला उठलो. अंगठ्यांचा व्यायाम साठ वेळा. मग पेपर आला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साडूचा फोन. म्हणाला, रविवारी आधी थोडं बोलून घेऊ, कुणी कुठल्या बाजूच्या बदकांना घ्यायचं वगैरे. मी म्हटलं, माझ्या डोक्यात सगळं आहे. तो म्हणाला, बरं.

गोड बोलून गळा कापणारा माणूस. पण या वेळी सुरी माझ्याकडे आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाचवा टप्पा पार. गीझर राक्षस. तो गरम पाण्याच्या पिचकाऱ्या मारतो. मला सहा वेळा भाजलं, साडूला एकदा. तरी टप्पा संपताना माझी एक वडी शिल्लक आणि त्याची शून्य. यावरून कोण जपून खेळतो ते कळतं.

सासरे खुर्ची ओढून मशीनला नाक लावून बसले होते. त्यांना रंग तेवढे दिसतात. निळा कोण, लाल कोण, विचारत होते. मधे एकदा मला म्हणाले, जावईबापू, त्या बटणाला जरा विश्रांती द्या. त्यांना मशीनची काळजी. कॅफेवाला कपबश्याच ठेवणार आहे, बटण झिजलं तर काय बिघडतं? पण वडीलमाणूस आहे, मी हो म्हटलं.

ताईने चहा आणला. पहिला कप साडूला.

एक अडचण नोंदवतो. दगा द्यायचा तर आधी मोरीपर्यंत जायला हवं. मोरीपर्यंत जायचं तर या माणसाची नीट साथ करायला हवी. म्हणून आज एका चपलेपासून मी त्याला वाचवलं. मधे जाऊन फुगा सोडला. तो म्हणाला, थँक्यू रे. मला फार विचित्र वाटलं. घरी येऊन हातपाय धुतले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाच वाजून चाळीस मिनिटांनी उठलो. इतिहासात नोंद व्हावी. व्यायाम दोनशे वेळा. ऑफिसात पेन धरता येईना. साहेब म्हणाले, सही दुसऱ्या कुणाची आहे का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंगठ्याला पट्टा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय उचललं. म्हटलं, जबाबदारी. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आठ दिवस आराम सांगितला. आराम २ मार्चनंतर.

फ्रिजमधली चिठ्ठी ओली होऊन अक्षर पसरलं होतं. नवीन लावली. ही म्हणाली, त्या बाटलीपायी दह्याला जागा नाही. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं माझ्या मनाला जागा नव्हती. ही म्हणाली, दह्याला तरी द्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

सातवा टप्पा. मोरी दिसली.

सत्तावीस वर्षांनी दिसली. दात तसेच, मधला एक तुटका. पोहोचता पोहोचता दोघांच्याही वड्या संपल्या, साखळीपर्यंत काही जाता आलं नाही. पण आता रस्ता पाठ झालाय. पुढच्या रविवारी साखळी.

खेळ संपल्यावर साडू आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो. तो म्हणाला, आठवतं का, आपण कॉलेज बुडवून यायचो आणि तुझ्या खिशात नेहमी चणे असायचे. मी म्हटलं, आठवतं. त्याच्या केसांत आता निळ्या टॉवेलपेक्षा पांढरं जास्त. मग तो म्हणाला, बाबांना शेवट दिसला पाहिजे रे, गुरुवारी ऑपरेशन आहे, एक डोळा झाकलेला असणार, दुसऱ्याने किती दिसतंय देव जाणे. तू खेळशील ना नीट?

मी म्हटलं, मी नेहमीच नीट खेळतो.

तरी पायरीवर अजून पाच मिनिटं बसलो. चणे खरंच असायचे. अर्धे तोच खायचा, हेही नोंदवून ठेवतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मन डळमळलं होतं. म्हातारा माणूस, एकच इच्छा. पुन्हा विचार केला. मोरी बंद केली तर मग साडू आयुष्यभर सांगत फिरणार की आम्ही दोघांनी बंद केली. दोघांनी. ज्याने रणांगण सोडलं तोही विजेता. हे मला चालणार नाही.

योजना कायम. एकच सुधारणा: थंड पिताना पहिला घोट घेऊन 'आह' म्हणायचं. आरशासमोर सराव केला. ही दारात उभी होती. तशीच निघून गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सासऱ्यांचं ऑपरेशन व्यवस्थित. डाव्या डोळ्यावर पट्टी. दवाखान्यात साडूने दिवसभर थांबून सगळं केलं, मी संध्याकाळी डबा घेऊन गेलो. सासरे मला म्हणाले, रविवारची वाट बघतोय. साडूला काही म्हणाले नाहीत. त्याअर्थी भिस्त माझ्यावर.

१ मार्च, शनिवार

उद्या.

इस्त्री करून शर्ट काढून ठेवला, लाल. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची. ओपनर माझ्या खिशात. कुणाच्या हातून बाटली उघडून घेण्यातला मी नाही.

२ मार्च, रविवार. पहाटे पाच

जागा आहे. कुणी न उठवता मी आपोआप जागा. संकल्प शेवटी पूर्ण झाला.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी

लिहितो. क्रमाने लिहितो.

दुकान रिकामं. झेरॉक्स मशीन गेलेलं, कपाटं गेलेली, मागच्या खोलीत फक्त 'टबवाले' आणि दोन स्टुलं. टेम्पो चारला येणार होता. आम्ही दोनला बसलो. सासरे खुर्चीवर, एक डोळा बंद. ताई आणि ही त्यांच्या मागे. बाटली मी काउंटरवर ठेवली, जिथे तेव्हा होती तिथेच.

मी असा कधीच खेळलो नव्हतो. साडूही नाही. कंगवे त्याने घेतले, चपला मी घेतल्या. बदकं आली तेव्हा एकमेकांकडे न बघता दोघं दोन बाजूंना झालो, जणू मधली सत्तावीस वर्षं आम्ही रोजच खेळत होतो. गीझर एका फटक्यात गेला. सासरे खुर्चीवरून पुढे झुकून विचारत होते, आता कुठे आहेत, लाल कुठे, निळा कुठे. ताई सांगत होती.

मोरी आली. माझी शेवटची वडी, साडूच्या दोन. मी टबासकट साखळीकडे निघालो आणि मोरीने पाणी उडवलं. टॉवेल गेला, जीव गेला.

आता बघा, उठून जायचं तर जिवंतपणी जायला हवं. मेलेला माणूस उठला तर लोक म्हणतील हरला म्हणून उठला. म्हणून मी बटण दाबलं. जीव आला. पुन्हा पाणी, पुन्हा गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा आला. या वेळी सरळ साखळीला जाऊन भिडलो. हात घातला. हाच तो क्षण. आता साडू साखळी धरेल, माझ्याकडे बघेल, आणि मी उठेन.

मी डावीकडे बघितलं.

साडू उठून बाजूला उभा होता. हात मोकळे.

माझ्या आधी. पुन्हा माझ्या आधी. सत्तावीस वर्षं ज्या क्षणाची तयारी केली तो त्याने माझ्या हातावर तुरी देऊन दुसऱ्यांदा नेला. मोरीने मला गिळलं. संगीत थांबलं. पडद्यावर ते दोन इंग्रजी शब्द उघडझाप करायला लागले, जे जगात सगळ्यांना वाचता येतात.

सासरे म्हणाले, काय झालं? थांबलं का? दिसत नाहीये मला.

मी तोंड उघडलं. सगळं सांगणार होतो. हा माणूस कसा आहे, तेव्हा कसा होता, आता कसा आहे. एवढ्यात साडू म्हणाला, "जिंकलो बाबा. दोघांनी एकदम साखळी ओढली. बूच पडलं."

सासरे म्हणाले, "खरं? आणि मग?"

"मग मोरी बंद झाली. दोघांना नवे टॉवेल मिळाले. आता टबात बसून एकमेकांची पाठ चोळतायत."

सासरे हसायला लागले. पट्टीखालच्या डोळ्याला पाणी चालत नाही, म्हणून ताई त्यांना हसू नका, रडू नका म्हणत होती. ते म्हणाले, मला वाटलंच होतं असं काहीतरी असणार. मग चाचपडत आले, आधी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या हाताखाली मला खरं बोलता आलं नाही. एवढं मी कबूल करतो.

ही काउंटरवरून बाटली घेऊन आली. ओपनर माझ्याच खिशातून काढला. पाच कपांत थोडं थोडं ओतलं. माझा सूड चहाच्या कपातून सगळ्यांना वाटला गेला. मलाही एक कप मिळाला. चवीला बरा होता.

सासरे म्हणाले, आता चांगलं पुसून द्या, लोकांना घाणेरडी वस्तू द्यायची नाही. माझी पाटीही काढायला सांगितली, कॅफेवाल्याला काय करायची. रॉकेलचा बोळा घेतला, लोखंडी पट्टीने हळूहळू खरवडली. डिंक फार चांगला निघाला. पाऊण तास लागला. पाटीखाली दुसरा एक कागद होता, छापील, मशीनच्या कंपनीचा. खेळाच्या सूचना. सत्तावीस वर्षांहून जास्त काळ माझ्या 'कृपया आधी सूचना वाचाव्यात'च्या खाली झाकलेल्या.

चार नंबरची सूचना इंग्रजीत होती. अर्थ असा: आपले जीव संपल्यास स्टार्ट बटण दाबावे. जोडीदाराचा एक जीव आपल्याला मिळेल.

दोनदा वाचली. मग त्या दुपारच्या वड्या मोजल्या. मग आजच्या. दोन्ही वेळा हिशेब जुळला.

बाकीचे बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते. साडू स्टूल उचलायला आत आला. मी कागदावर बोट ठेवून उभा होतो. त्याने बघितलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. तू पाटी लावायच्या आधी मी वाचलं होतं."

"मग तू उठलास ते..."

"माझे जीव संपले होते. बसून काय करणार होतो?"

मी विचारलं, सांगितलं का नाहीस.

तो म्हणाला, "सांगणारच होतो. पण तू सगळ्यांना सांगत होतास की शौर्याचा बोनस मिळाला. इतका खूश होतास. म्हटलं, उद्या सांगू."

"आणि?"

"आणि मग सत्तावीस वर्षं झाली."

त्याने स्टूल उचललं आणि बाहेर गेला. जाताना म्हणाला, तो कागद फाडू नकोस, कॅफेवाल्याला लागेल.

टेम्पो साडेचारला गेला. खोलीत फरशीवर एक चौकोन राहिला, बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ.

घरी येताना हिला विचारलं, तुला माहीत होतं? ही म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं. मी खिशात ओपनर चाचपला, तो नव्हता. ही म्हणाली, फ्रिजमध्ये आता दही ठेवते.

३ मार्च, सोमवार. ऑफिसात

सकाळी इस्त्रीवाल्या बाई. चौथी खेप. त्यांना बसायला खुर्ची दिली. इस्त्रीची पुस्तिका कपाटातून शोधून काढली आणि पहिल्यांदाच, पहिल्या पानापासून वाचली. पान नऊ: आडवी ठेवल्यास अर्ध्या मिनिटात इस्त्री आपोआप बंद होते, हा बिघाड नाही. बाईंना दाखवलं. म्हणजे चूक त्यांचीच होती. पण हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं. त्या म्हणाल्या, एवढंच होतं होय. मी म्हटलं, एवढंच असतं.

दुपारी एक कोरा फॉर्म घेतला.

तक्रारदार: मी. वस्तू: मित्र, नंतर साडू. वापराचा काळ: सत्तावीस वर्षं. तक्रार: ऐनवेळी बाजूला उभा राहतो. तपासणीत आढळले: वस्तू उत्तम स्थितीत, कोणतीही झीज नाही. कारण: दोनवर खूण.

खाली नेहमीचा शिक्का मारला. सही करताना अंगठा दुखला.

संध्याकाळी साडूला फोन केला. म्हटलं, रविवारी ये. तो म्हणाला, आता मशीन कुठाय? म्हटलं, मशीन नाही, नुसता ये. पायरीवर बसू. चणे मी आणतो.

तो म्हणाला, बरं, थंड मी आणतो.

मी हो म्हटलं. बाटली मात्र त्यालाच उघडायला लावणार आहे. ओपनर ही परत देत नाहीये.